प्रसंगाचा रकाना

सातारा,
रविवार, ता. ४ सप्टेंबर १९७७

चि. शालन हिला अप्पाचा आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा पोचला. इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे माणसं ठीक आहेत. नळाला दिवसाआड पाणी येतं आणि घरमालक त्यांची म्हैस अजून जिन्याखालीच बांधतात. वसतिगृहातलं जेवण सुधारलं का ते तू लिहिलं नाहीस, त्या अर्थी सुधारलं नसावं.

आता तुझ्या कामाबद्दल. मला कळलं ते असं, चुकलं असेल तर कळव. तुमचे मगदूम सर म्हणतात, इंग्रजीचं व्याकरण पुस्तकातल्या वाक्यांवरून शिकू नका, कारण ती वाक्यं कुणी कधी बोललेलीच नसतात. राम समोर बसून आंबा खात असला तर 'राम आंबा खातो' असं कोण कशाला सांगत बसेल? तेव्हा आपल्या मुलखात माणसांनी खरोखर बोललेली, खरोखर लिहिलेली इंग्रजी वाक्यं गोळा करायची, एका चिठ्ठीवर एक. मग ती ढिगाने समोर मांडायची आणि एखादा शब्द कोण कसा वापरतं ते बघायचं. मनाने वाक्य रचायचं नाही. आणि चिठ्ठीवरचे रकाने भरायचे: वाक्य, कोण म्हणालं, कुणाला, कुठे, तारीख, प्रसंग. परदेशात हे काम यंत्रावर करतात म्हणालीस. आपल्याकडे यंत्र नाही, पण तुझा बाप आहे. पलटणीच्या ऑफिसात हवालदार क्लार्क म्हणून उमेदीची सगळी वर्षं खर्डेघाशी केली, आता कारखान्याच्या गेटवर टाइमकीपर आहे. रकाने भरण्याचं काम तू योग्य माणसाला दिलंस.

या खेपेला 'शुड' मागितलास. सोबत चिठ्ठ्या आहेत. थोडी कल्पना देतो.

कारखान्यातली पाटी: "वर्कर्स शुड नॉट स्पिट ऑन द मशीन." कोण: व्यवस्थापन. कुणाला: सर्व कामगारांना. प्रसंग: पाटीखालचं मशीन पाहिल्यास समजेल.

शेजारचे रिटायर्ड कॅप्टनसाहेब: "यू शुड हॅव सीन मी इन बर्मा." हे ते दाढी करायला बसले की दर वेळी म्हणतात. दर वेळची वेगळी चिठ्ठी करायची की एकच पुरे, हे सरांना विचार.

तिसरी चिठ्ठी वाचून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगतो. डॉक्टर मला म्हणाले, "यू शुड नॉट लिफ्ट एनिथिंग हेवी." प्रसंग: डाव्या हाताला प्लास्टर घालताना. जिन्यात म्हशीला चुकवायला गेलो आणि पायरी चुकलो. म्हशीचा काही दोष नाही. मी हे तुला कळवणार नव्हतो, पण चिठ्ठीवर रकाना होता. रिकामा रकाना ठेवून कागद पुढे पाठवायचा नाही, हे पलटणीत अंगात मुरलंय. पाठवला की कागद साहेबाकडून परत येतो आणि वर चार शब्द ऐकावे लागतात ते निराळेच.

चौथी चिठ्ठी: "यू शुड हॅव कम यस्टरडे." कोण: सिस्टर आर. चौगुले. कुणाला: मला. कुठे: दवाखाना. एरवी त्या मराठीतच बोलतात. नर्सिंग मिरजेला शिकल्या, रागावल्या की इंग्रजी सुरू.

माझ्या एक ध्यानात आलं. पुस्तकात 'शुड' म्हणजे कर्तव्य असं लिहिलंय. चिठ्ठ्या मांडून बघितल्या तर 'शुड' नेहमी वरून खाली येतो. साहेब शिपायाला म्हणतो, डॉक्टर रोग्याला म्हणतो. शिपाई साहेबाला कधी म्हणत नाही. फक्त या सिस्टर डॉक्टरांनासुद्धा म्हणाल्या, "यू शुड ईट समथिंग फर्स्ट." ती चिठ्ठी वेगळी लावली आहे.

प्लास्टर डाव्या हाताला आहे, अक्षर नेहमीसारखंच आहे, तेव्हा धावत येऊ नये.

अप्पा


सातारा,
रविवार, ता. २३ ऑक्टोबर १९७७

चि. शालन,

आशीर्वाद, आणि दसऱ्याचं सोनं म्हणून आपट्याचं एक पान पाकिटात घातलंय. पोचेपर्यंत त्याचा चुरा झाला तर पोस्टाला बोल लाव.

प्लास्टर काढलं. हात थोडा आखडलाय, म्हणून दवाखान्यात जाणं चालू आहे. कारखान्याच्या गेटवर इंग्रजी फार कानावर पडत नाही, तिथे शिव्या पडतात आणि त्या सगळ्या मराठीत असतात. दवाखान्यात बरं पडतं.

तुला 'इफ'ची वाक्यं हवी होती. पहिलं मी ट्रंकेतल्या जुन्या पलटणीच्या कागदांतून काढलं. एखाद्याकडे खुलासा मागितला की शेवटी हे वाक्य असायचंच: "इफ नो रिप्लाय इज रिसीव्ह्ड, इट विल बी प्रिझ्यूम्ड दॅट यू हॅव नथिंग टू से." उत्तर आलं नाही तर तुला काही म्हणायचंच नाही असं आम्ही धरून चालू. हे वाक्य मी किती जणांना टाइप करून पाठवलं असेल याचा हिशेब नाही. कुणी उत्तर का दिलं नाही हे विचारायची पद्धत नव्हती.

बाकीच्या चिठ्ठ्या सोबत आहेत. दोन-तीन इथेच देतो.

"इफ यू आर गोइंग टू सिट हिअर, मिस्टर बर्गे, होल्ड धिस." कोण: सिस्टर आर. चौगुले. कुणाला: मला. प्रसंग: मी बाकावर बसून वाक्यं टिपून घेत होतो, त्यांनी माझ्या हातात बँडेजच्या गुंडाळीचं टोक दिलं.

"इफ द फीवर कम्स डाउन टुनाइट, ही विल ईट टुमॉरो." कोण: त्याच. कुणाला: एका पोराच्या आईला. त्या बाईला इंग्रजी येत नव्हतं. मग सिस्टरनी हेच मराठीत सांगितलं: "ताप उतरला की उद्या जेवंल बघा तुमचं पोर." इंग्रजीत आधी का बोललात असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "आधी स्वतःलाच सांगून बघितलं."

"इफ आय सिट डाउन नाऊ, आय विल नॉट गेट अप." कोण: त्याच. कुणाला: मला. कुठे: त्यांच्या क्वार्टरच्या पायरीवर. प्रसंग: रविवार, संध्याकाळी पाच, ड्यूटी संपल्यावर, चहाच्या वेळी.

तुमच्या पुस्तकात 'मी पक्षी असतो तर' अशी वाक्यं असतात. साताऱ्यात अजून कुणी पक्षी व्हायला तयार दिसलं नाही. फायलीतला 'इफ' धमकावतो, दवाखान्यातला धीर देतो. सरांना चालत असेल तर हे माझ्या नावावर टिपून घ्यावं.

लालासाहेब तात्या येऊन गेले. काका या नात्याने तासगावचं एक स्थळ त्यांनी तुझ्यासाठी बघितलंय. द्राक्षाचा मळा आहे, बेदाण्याची शेड आहे, मुलगा बी.एस्सी. अ‍ॅग्री. आहे. मी म्हटलं, आधी तिची परीक्षा होऊ द्या. तात्या म्हणाले, "दादा, आई न्हाई पोरीला. तुमी आसं वाक्यं गोळा करत बसलासा, तर लगीन कोन करायचं तिचं?" मी उत्तर दिलं नाही. आम्हाला काही म्हणायचं नाही असं त्यांनी धरून चालायला हरकत नाही.

दिवाळीत येताना कपडे जास्त आणू नकोस, दोन दिवसांत वाळतात.

अप्पा


सातारा,
ता. ४ डिसेंबर १९७७

चि. शालन,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, कारणे दाखवा नोटीसच ती.

मगदूम सरांनी क्वार्टरच्या पायरीची चिठ्ठी भर वर्गात वाचून दाखवली, 'प्रसंग कसा भरावा याचा उत्तम नमुना' म्हणून, आणि मुली हसल्या, आणि तुला खाली मान घालून बसावं लागलं, हे वाचून मला वाईट वाटलं. सरांचं चुकलं नाही. माझंच चुकलं म्हणावं, तर रकाना तुम्हीच छापलेला. नुसतं 'सातारा, संध्याकाळी' लिहून भागलं असतं हे मला आज कळतं. तेव्हा हातानं आपोआप सगळं भरलं.

पुढे तू लिहिलंस की मग तू सगळ्या चिठ्ठ्या खोलीत पसरल्यास, 'कोण' या रकान्यावरून लावल्यास, आणि निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर एकच नाव निघालं. 'अप्पा, ह्या बाई कोण?' असं विचारलंस. दिवाळीत तू घरी होतीस तेव्हाच सांगायचं मी ठरवलं होतं. तू पिठल्याबरोबर कांदा फोडून दिलास, मी घेतला नाही, तू कारण विचारलंस, आणि मी पोटाची तक्रार सांगितली. पोट उत्तम आहे. चकल्याही, मी म्हणालो तशा, शेजारून आल्या नव्हत्या.

तर उत्तर. बाईंचं नाव राजमती चौगुले. जैन. माहेर सांगलीजवळचं, भाऊ कल्लाप्पा यांचा ऊस आहे. लग्नानंतर दोन वर्षांतच पती वारले, मूलबाळ नाही. तेव्हापासून नोकरी. वय माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी कमी. कांदा-लसूण खात नाहीत आणि दिवे लागायच्या आत जेवतात.

तू 'कोण' एवढंच विचारलंस, म्हणून उत्तर एवढंच देतो.

अप्पा


सातारा,
रविवार, ता. २२ जानेवारी १९७८

प्रिय शालन,

डिसेंबरच्या पत्राला तुझं उत्तर नाही. संक्रांतीला तिळगुळ पाठवला, त्याचीही पोच नाही. तात्यांकडून कळलं की तू खुशाल आहेस आणि त्यांना पत्र लिहितेस, तेव्हा तब्येतीची काळजी नाही. उत्तर न येण्याबद्दलचं ते पलटणीचं वाक्य तुझ्या चिठ्ठ्यांच्या पेटीत आहेच. पण तुझ्या गप्प बसण्याचा मी तसा अर्थ लावणार नाही. तुला पुष्कळ म्हणायचं असणार. मीच अर्धवट उत्तर दिलं, म्हणून उरलेलं आज लिहितो.

मला राजमतीबाईंशी लग्न करायचं आहे. त्यांचीही इच्छा आहे. हे वाक्य लिहायला मला सप्टेंबरपासून आजपर्यंत वेळ लागला. बाकी सगळी वाक्यं दुसऱ्यांची होती, ती भराभर लिहिली.

तुला वाटेल, आईला विसरलो. नाही विसरलो. ती पलटणीतल्या माझ्या पत्रांबद्दल काय म्हणायची, आठवतं? तुझ्याकडून वाचून घ्यायची आणि मग म्हणायची, "पोचलो, बरा हाय, मनीऑर्डर धाडली. सरकारी हुकूम आलाय जनू. ह्यात मानूस कुटं हाय?" ती गेल्यावर तू आधी तात्यांकडे, मग वसतिगृहात राहिलीस, आणि मी या घरात सात वर्षं एकटा जेवलो. भाकरी घशाखाली उतरली नाही वगैरे काही नाही, उतरली. पण हल्ली रविवारी तिकडे दोन घास खाताना कुणीतरी विचारतं, आज गेटवर काय झालं, आणि मी सांगत बसतो. इतकं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. ते मला हवंसं वाटतं. यापेक्षा जास्त कारण माझ्याकडे नाही.

तात्यांना मी पौषाच्या सुरुवातीला गावी जाऊन सांगितलं. ते गोठ्यात होते. बराच वेळ बैलाची पाठच घासत राहिले. मग म्हणाले, "आवं दादा, ह्या वयात? आन् जातीबाहेर?" मी हो म्हटलं. मग जरा नरमून म्हणाले, "करायचंच आसंल तर करा. पर गाजावाजा नगं. वरच्या वस्तीवर रातीचा पाट लावून टाकू. दोन मानसं, एक भटजी. तांबडं फुटायच्या आत बाईला साताऱ्याला पोचती करू. कुनाच्या डोळ्यावर याचं न्हाई."

त्यांचं काही वावगं नव्हतं. आपल्याकडे विधवेचा पाट असाच लागतो, अंधारात, वाजंत्रीशिवाय, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं तोंड कुणी बघत नाही. गावात असे पाट मी लहानपणी ऐकलेत, बघितला एकही नाही. बघायचे नसतातच ते. तात्यांनी त्यांच्या परीने माझ्यासाठी वाट काढली होती, आणि मी तेव्हा हो म्हणून मानही हलवली.

परत आल्यावर राजमतीबाईंना सांगितलं. त्या पायरीवर पाय धूत होत्या. त्यांनी तांब्या खाली ठेवला. मला वाटलं आता इंग्रजी येणार. पण मराठीतच म्हणाल्या, "आवं, जन्मभर रातपाळ्या केल्या मी. मेलेल्यांची तोंडं झाकली, जन्मलेल्यांची पुसली, सगळं रातीचं. आता एक काम दिवसाउजेडी करीन. न्हाईतर न्हाई करणार." मग थोड्या वेळाने, "तुमच्या पोरीला विचारलंत?" मी म्हटलं, कळवलं आहे. "कळवलं न्हवं. विचारलंत?"

नाही म्हणावं लागलं.

त्या म्हणाल्या, तिने हो म्हटल्याशिवाय कसलाही कागद कुणाच्या टेबलावर ठेवायचा नाही. तिला आई मिळावी म्हणून नाही, ती मोठी आहे, तिला आता आईची गरज नाही. पण वडील कुणाबरोबर राहतात हे तिला लोकांकडून कळायला नको.

आता तुझ्या दृष्टीने जे नुकसान आहे तेही लिहितो, कारण ते लपवून तुझा होकार मागणं म्हणजे फसवणूक. तासगावच्या लोकांच्या कानावर हे गेलं तर ते स्थळ राहणार नाही, असं तात्या स्वच्छ म्हणाले. पुढची दोन-चार स्थळंही अडतील. 'बापाने म्हातारपणी जैनाची विधवा केली' हे तुझ्या नावापुढे लोक जोडतील. तुला ते स्थळ हवं असेल तर तसं लिही, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मुलगा चांगला आहे म्हणतात. तसं असेल तर मी थांबेन, तुझं लग्न होईपर्यंत किंवा त्याही पुढे. राजमतीबाईंना हे मी सांगितलंय. त्या म्हणाल्या, "थांबायची सवय हाय मला." पण म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, हेही तुला कळलेलं बरं.

आम्ही रजिस्टर करणार, कचेरीत, दुपारी. आधी एक नोटीस द्यावी लागते, ती कचेरीच्या फळ्यावर महिनाभर लागते, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल अशी. तात्यांना हेच सगळ्यात जड जातंय. राजमतीबाईंना हेच सगळ्यात आवडलं. नोटिशीचा छापील कागद आणला, आम्ही दोघांनी सह्या केल्या, आणि तो माझ्या ट्रंकेत आहे. त्यातलं वाक्य असं:

"वी हिअरबाय गिव्ह यू नोटिस दॅट अ मॅरेज इज इन्टेन्डेड टू बी सोलेम्नाइज्ड बिट्वीन अस."

आम्हा दोघांमध्ये विवाह योजला आहे, अशी नोटीस आम्ही देतो. सरकारी इंग्रजीत लग्नसुद्धा कुणी करत नाही, ते आपोआप योजलं जातं. तरी त्यात 'वी' आहे आणि शेवटी 'अस' आहे. पलटणीच्या सगळ्या फायली मी आठवून बघितल्या. 'आम्ही' पुष्कळ वेळा लिहिलं, पण त्या 'आम्ही'त मी कधी नव्हतो.

या वाक्याचीही चिठ्ठी केली आहे, सोबत जोडतो. पण सरांचा नियम आहे की मनाने रचलेलं वाक्य चालत नाही, खरोखर कुणीतरी कुणाला तरी म्हटलेलं हवं. ट्रंकेत पडलेलं वाक्य अजून कुणी कुणाला म्हटलेलं नाही. तेव्हा ही चिठ्ठी इतक्यात पेटीत टाकू नकोस.

चिठ्ठी अशी आहे. वाक्य: वर दिलेलं. कोण: नाथाजी बर्गे आणि राजमती चौगुले. कुणाला: विवाह अधिकारी, सातारा. कुठे: कचेरी. प्रसंग: लग्न.

तारखेचा रकाना मी भरलेला नाही. परीक्षा बघून, रजा बघून, मन बघून तो तू भरायचा आहेस. तारीख घालून चिठ्ठी परत पाठवलीस तर त्या दिवशी आम्ही दोघं नोटिशीचा कागद घेऊन कचेरीत जाऊ, आणि तू आलीस तर तिघं. कोरीच परत आली तर कागद ट्रंकेतच राहील, आणि त्याबद्दल मी पुन्हा कधी विचारणार नाही. तुझ्यावर माझी माया आहे तशीच राहील, हे वेगळं लिहायला लागू नये, पण आईच्या भाषेत या पत्रात माणूस दिसावा म्हणून लिहितो.

आजवर एकही कागद अपुरा पुढे पाठवला नव्हता. हा पाठवतोय.

तुझाच,
अप्पा